सेमिसीचा डावीकडचा हात

सेमिसीचं काम असं होतं, की ते नीट झालं तर कुणाला दिसतच नसे.

शनीच्या कड्यांपलीकडे शत्रूचं जहाज इतकं लांब होतं, की तिथल्या उजेडाला इथवर यायला दहा सेकंद लागत. म्हणजे पडद्यावर दिसायचं ते दहा सेकंदांपूर्वीचं जहाज. त्यावर तोफेचा किरण सोडला तर त्यालाही पोचायला तेवढाच वेळ, आणि तोवर जहाज सरकलेलं. म्हणून ‘कालिआ’ जहाजावर अंदाज बांधून तोफ डागायची अनासेइनी, आणि शत्रूचा अंदाज चुकावा म्हणून जहाज सतत इकडेतिकडे झुकवायचा तिचा मामेभाऊ सेमिसी.

तिचा नेम लागला की सगळे टाळ्या पिटत आणि जेवणाआधी कावा या पेयाची मानाची पहिली वाटी तिच्या हातात जाई. सेमिसीने चुकवलेला किरण मात्र काळोखातून मुकाट निघून जायचा. त्याला कोण टाळ्या वाजवणार?

“तुझं बरंय रे दादा,” अनासेइनी म्हणायची. “फासे टाकायचे, दांडा ओढायचा. डोकं माझं दुखतं.”

ते खरंच होतं. कुठे वळायचं हे फासेच ठरवत. माणसाच्या हाताला सवय लागते, आणि ती सवय पलीकडच्याला कळते.

त्या दिवशी लढाई सुरू होताच सेमिसीने फासे खिशात टाकले. त्याने स्वतःच्या मनाने जहाज असं झोकात वळवलं, की सगळ्यांनी पट्टे धरले.

“अरे वा! आज नाचतंय की जहाज!” यंत्रांजवळचा म्हातारा फोतू ओरडला. सेमिसीची छाती फुगली. त्याने हळूच अनासेइनीकडे पाहिलं. तिचं लक्ष पडद्यावरच होतं. त्याने आणखी झोकात वळवलं.

थोड्या वेळाने मोठा हिसका बसला. शत्रूच्या किरणाने खालची पाण्याची टाकी फुटली होती.

कप्तान लुपे, अनासेइनीची आई, सुकाणूपाशी आली. “फासे कुठायत?”

सेमिसीने खिशातून काढले.

“आत्याच्या जहाजावर फासे खिशात? ऊठ तिथनं!”

आत्यापुढे बोलायची त्यांच्यात कुणाची टाप नव्हती. तो उठायला लागला.

“आई, थांब,” अनासेइनी म्हणाली. “दोनदा डावीकडे, मग उजवीकडे. लपाछपीतही हा असाच पळायचा. त्यांनी ते ओळखलंय. आता तेच वापरू. दादा, तू दोनदा डावीकडे घे. तेवढं दिसलं की आता हा उजवीकडे जाणार असं धरून, नेम साधायला ते पडद्यावरच्या मधल्या रेषेवर येऊन थांबतील, मघाशी थांबले तसेच. तुझ्या दुसऱ्या वळणाचा उजेड त्यांच्याकडे निघाला की मागोमाग माझा किरण निघेल.”

“आणि मी?”

“तिसऱ्यांदाही डावीकडेच. उजवीकडे गेलास तर संपलो सगळे.”

सेमिसी मनात चरफडला. चूक आपली, आणि तिचंही सोनं करणार हीच! पण आत्या अजून बाजूला झाली नव्हती. तो बसला.

एकदा डावीकडे. पुन्हा डावीकडे. अनासेइनीने क्षणभर थांबून तोफ डागली. आता सेमिसीचा हात आपोआप उजवीकडे निघाला. त्याने दात आवळून, दोन्ही हातांनी दांडा डावीकडे ओढला.

मग नुसतं थांबणं. शत्रूने किरण सोडला की नाही, कुणाला कळलं नाही.

पडद्यावर परकं जहाज मधल्या रेषेवर आलं, स्थिर झालं, आणि त्याच्या इंजिनाची ज्योत विझली.

“अनासेइनी! अनासेइनी!” सगळं जहाज दणाणलं. फोतूने तर तिला उचलूनच घेतलं.

“उद्यापासून सुकाणू फोतूकडे,” आत्या सेमिसीला म्हणाली आणि लेकीला कवटाळायला गेली.

गलका ओसरल्यावर अनासेइनी त्याच्या कानाशी वाकली. “दादा, तुझ्यामुळेच लागला हं नेम.”

सेमिसीला वाटलं, हे हिने जरा मोठ्याने म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?