रबराची टोपी

भाऊजींनी दोन कागद मिस्त्रीच्या कामाच्या टेबलावर आपटले आणि विचारलं, "बोला मेव्हणेबुवा, यातलं काय करायचं?"

एका कागदावर त्यांनी स्वतःच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: मोठा टर्बो, नवे पिस्टन, नवा क्लच. दुसरा कागद शोरूमचा, गुळगुळीत. त्यावर याच गाडीचा थोरला भाऊ होता, जवळजवळ दुप्पट ताकदीचा. भाऊजींची स्वतःची गाडी, लाल, दोन सीटची, गॅरेजच्या दारात उभी होती. आपल्या भवितव्याची चर्चा चाललीये याचा तिला पत्ता नव्हता.

"गाडी ओढतच नाही रे," भाऊजी म्हणाले. "परवा चढावर एका टेम्पोने मला मागे टाकलं. टेम्पोने! वर गाद्या लादलेल्या होत्या! शोरूमचा माणूस उद्या सकाळी दहाला ही गाडी बघायला येतोय. तोवर तू सांग, हिचंच इंजिन वाढवायचं की मोठं मॉडेल घ्यायचं?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. गाडी का ओढत नाही हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची ताई, म्हणजे भाऊजींची बायको.

"संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला. भाऊजी गाडी तिथेच ठेवून पायी दुकानात गेले.

भाऊजींचं चष्म्यांचं दुकान होतं. "वरची ओळ वाचा, आता खालची" असं लोकांना सांगत त्यांचा जन्म गेला, आणि पन्नाशीत त्यांनी ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दुकानात मुंगी मरणार नाही अशा बेताने वावरणारा माणूस, पण स्टिअरिंग हातात आलं की वारं प्यायलेलं वासरू. दोन वर्षांपूर्वी ताई शेजारी बसलेली असताना एका वळणावर गाडी घसरली, गर्रकन फिरली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. भाऊजी हसत होते. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी थेट गॅरेजमध्ये हजर.

"काहीतरी कर," ती म्हणाली होती. "पण त्यांना कळता कामा नये."

आई गेल्यावर ताईनेच मिस्त्रीला लहानाचं मोठं केलं होतं. तिला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. त्याने अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली, मॅटच्या आड, एक बोल्ट बसवला. पेडल निम्म्याहून जरा पुढे गेलं की बोल्टवर टेकायचं आणि कारभार आटोपायचा. बरं, अर्धंमुर्धं काम करणं याच्या स्वभावात नाही. लोखंडावर लोखंड आपटून आवाज होईल म्हणून त्याने बोल्टला रबराची जाड टोपी घातली. पेडल त्यावर इतकं मऊ टेकायचं की पायाला शंकासुद्धा येऊ नये. त्या टोपीबद्दल पुढे कितीतरी दिवस तो स्वतःवरच खूश होता.

दुपारी ताई आली. सगळं ऐकून घेतलं आणि क्षणात निकाल दिला. "इंजिन वाढव. बोल्ट तसाच राहू दे."

"म्हणजे नवीन इंजिन घालायचं आणि त्यालाही बेडी ठोकायची? रोग म्हशीला आणि औषध पखालीला! असल्या कामाचे पैसे मी त्यांच्याकडून घेणार नाही, ताई."

"मग घेऊ दे मोठी गाडी. तिलाही बोल्ट लाव."

"तिला शोरूमवाले मला हात लावू देणार नाहीत. आणि लावू दिला तरी..." मिस्त्री खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "नीट ऐक. दोन वर्षं हा माणूस सगळा जोर लावून पेडल दाबतोय, कारण त्याशिवाय गाडी हलत नाही. पायाला आता तीच सवय आहे. उद्या दुप्पट ताकदीच्या गाडीत बसून त्यांनी तसंच दाबलं, तर ती शोरूमच्या फाटकापाशीसुद्धा थांबायची नाही."

ताईचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून लावलेली गोष्ट त्याच्याच जिवावर उठली होती.

"सांगितलंस तर माझ्याशी बोलणं टाकतील," ती म्हणाली.

"न सांगता त्या गाडीत बसले, तर कदाचित कुणाशीच बोलायला उरणार नाहीत."

ताईने पदराने नाक पुसलं. "सांग. माझं नाव घेऊन सांग. मी येते संध्याकाळी, काय बोलतील ते माझ्या तोंडावर बोलू देत."

त्यानंतर मिस्त्रीने एका गाडीच्या ब्रेकचं काम काढलं आणि तीनदा चुकीचा पाना उचलला. माफी कशी मागायची याची त्याने मनात तालीम केली. पहिलं वाक्य दर वेळी वेगळं येत होतं आणि दर वेळी आधीच्यापेक्षा वाईट.

पाचला भाऊजी आले. मिस्त्री तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"ठरलं माझं. मोठीच घेतो. तिला म्हणे नुसता पाय लावला तरी पळते." त्यांनी मागे वळून बघितलं, मिस्त्रीला कोपऱ्यातल्या ऑफिसात नेलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगतो. तुझ्या ताईला एक अक्षर बोलायचं नाही. गाडीला काही झालेलं नाहीये. माझा पाय गेलाय."

"काय?"

"उजवा. पेडल दाबतो, निम्म्यात पोचतो आणि पुढे पाय मऊ पडतो. कितीही जोर लाव, जातच नाही. अप्पांचं असंच सुरू झालं होतं, याच पायापासून."

अप्पा म्हणजे भाऊजींचे वडील. त्यांची शेवटची नऊ वर्षं चाकाच्या खुर्चीत गेली. त्या खुर्चीची चाकं मिस्त्रीनेच दोनदा बदलली होती.

"डॉक्टरकडे गेलात?"

"काय सांगणार ते मला माहीत आहे. चालताना त्रास नाही, जिनाही चढतो. अप्पासुद्धा सुरुवातीला चढायचे. ताकदीची गाडी असली म्हणजे निम्म्या पायात काम भागेल. तिच्या लक्षात यायच्या आत जितके दिवस निघतील तितके काढायचे."

मिस्त्रीच्या तालमीतली सगळी वाक्यं उडून गेली. त्याने भाऊजींचा दंड धरला, त्यांना जवळजवळ ओढतच लाल गाडीपाशी नेलं, स्वतः दारात गुडघे टेकले आणि मॅट उचलून बाहेर फेकली. नटाला पाना लावला. दोन वर्षांत नट चांगला घट्ट बसला होता. एक शिवी, दोन हिसके, आणि बोल्ट टोपीसकट हातात आला.

"बसा."

"हे काय आहे?"

"आधी बसा भाऊजी. इंजिन बंदच असू दे. फक्त दाबा."

भाऊजी बसले. पाय ठेवला. दाबला. पेडल निम्म्याला आलं, निम्म्याच्या पुढे गेलं आणि खाली जाऊन टेकलं.

त्यांनी पाय उचलला. पुन्हा दाबला. पुन्हा. मग त्यांनी मोजदाद सोडली आणि नुसतं दाबत राहिले.

"लागतोय," ते म्हणाले. "तळाला लागतोय रे!"

"तुमचा पाय ठणठणीत आहे. हा बोल्ट मी लावला होता. त्या वळणावर गाडी गर्रकन फिरली होती ना, तेव्हा. ताई फार घाबरली होती. आवाज येऊ नये म्हणून वर रबर घातलं." आता कानफटात बसणार म्हणून मिस्त्रीने मान खाली घातली.

वरून काहीच आलं नाही. त्याने डोळे वर केले, तर भाऊजी चष्मा काढून रडत होते. मोकळेपणी, खांदे हलवून रडत होते आणि मध्येच हसत होते.

"गाढवा," ते म्हणाले, "टोपी कशाला घातलीस? नुसतं लोखंड असतं तर पहिल्याच दिवशी ठण्णकन वाजलं असतं. तुम्हा दोघांशी आठ दिवस भांडलो असतो आणि विषय संपला असता. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मी पायाची बोटं हलवून बघतोय. आज हलतात का, आज हलतात का!"

मिस्त्रीला आपल्या कारागिरीची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. "चुकलो, भाऊजी," तो म्हणाला. याहून चांगलं वाक्य त्याला सुचलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

"कसली बोटं?" दारातून आवाज आला. ताई उभी होती.

भाऊजींनी सांगितलं. अप्पा, पाय, सगळं. ती ऐकता ऐकता गाडीच्या टपाला धरून उभी राहिली.

"मला सांगायचं नाही? दोन वर्षं?"

"तू सांगितलंस?"

"मी घाबरले होते हो," ताई म्हणाली.

"मग मी काय नाचत होतो?" भाऊजी गाडीतून उतरले आणि तिला दाखवायला त्यांनी उजवा पाय जमिनीवर दाणकन आपटला. मग डावाही आपटला, तो उगाच. ताई डोळे पुसत हसायला लागली. मिस्त्रीच्या छातीवरचा धोंडा कधी उतरला हे त्यालाही कळलं नाही.

भाऊजींनी तिथूनच शोरूमला फोन लावला. "येऊ नका. गाडी विकायची नाही. नाही, इंजिनालाही काही करायचं नाही. आहे ते पुरेसं आहे." मग दोघं लाल गाडीत बसून गेले. जाताना मिस्त्रीने चारचारदा बजावलं, पाय हलका ठेवा, आता खाली काही नाहीये.

त्याने शटर अर्धं ओढलं होतं तेवढ्यात फोन वाजला. ताई होती, आणि तिच्या मागून हॉर्नचा गदारोळ ऐकू येत होता.

"अरे, यांना तू तरी सांग! तीसच्या वर जायलाच तयार नाहीत. मागे ही रांग लागलीये. मी कधीची म्हणतेय, जरा दाबा, जरा दाबा!"

"जाऊ दे ना त्यांना पुढे," पलीकडून भाऊजींचा आवाज आला, अगदी निवांत. "मला आता कसलीच घाई नाहीये."