उजवीकडची पिन

लेथवर लोखंड कातायचं काम करणारी बाई म्हणून गल्ली तिला मिस्त्रीणबाई म्हणायची. तिचा धाकटा भाऊ गट्टू वजनं उचलायचा. त्याच्या मास्तरांच्या व्यायामशाळेतला दांडा बाबा आदमच्या काळचा, दोन्ही टोकांना लोखंडाचे पोकळ गोळे असलेला. वजन वाढवायचं तर बूच काढून आत वाळू आणि शिशाचे छर्रे ओतायचे. खरं वजन किती, ते गोळ्यांनाच ठाऊक. दांडा छातीशी घेताना गोळेही सोबत फिरत आणि मनगटं पिळवटून निघत.

मिस्त्रीणबाईने तीन महिने खपून नवा दांडा केला. टोकांवर फिरत्या नळ्या, त्यांवर लोखंडी चकत्या. दांडा वळला तरी चकत्या जागच्या हलत नसत. नळी बाहेर सटकू नये म्हणून प्रत्येक टोकाला एक आरपार पिन.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती लेथखालचा लोखंडाचा कीस झाडत होती. झाडूला काहीतरी टणक लागलं. पिन!

आदल्या संध्याकाळी उजवी नळी जड फिरते म्हणून तिनेच पिन काढून आत दाट ग्रीस भरलं होतं. तेवढ्यात मास्तर दांडा न्यायला आले, घाई करू लागले आणि पिन राहिली. आता ग्रीसनेच नळी धरून ठेवली असणार. हलवून पाहणाऱ्याला ती घट्टच वाटणार.

पिन मुठीत धरून ती चपला न घालताच पळत सुटली. सभागृहाच्या दारात स्वयंसेवकाने हात आडवा केला.

"बाई, थांबा! उचल चालू आहे."

त्याच्या खांद्यावरून तिला दिसलं, गट्टूने दांडा छातीवर घेतला होता. वर ऐंशी किलो. ती ओरडणार, तोच थांबली. दचकून तो वाकडा झाला तर? आणि गप्प राहिलं तर? दोन्हीकडून मरण त्याचंच.

गट्टूने दांडा डोक्यावर नेला. उजवा हात किंचित खाली झुकला. नळीच्या आतल्या बाजूला दांड्याची एक चकचकीत पट्टी उघडी पडली, नखाएवढी. मग बोटाएवढी.

पिन कमरेला खोचून, स्वयंसेवकाला बाजूला ढकलून ती मंचावर चढली आणि भावाच्या शेजारी जाऊन दोन्ही तळव्यांनी नळी आत रेटली.

"गट्टू," ती अगदी हळू म्हणाली, "सरळ ठेव. आता सावकाश खाली घे. मी आहे."

दांडा जमिनीला टेकला आणि नळी निसटून घरंगळत गेली. चकत्यांच्या आवाजाने पुढच्या रांगेतली माणसं ताडकन उठली. पंचांनी हात वर केला. बाहेरच्या माणसाने हात लावला, उचल बाद. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिने कमरेची पिन काढून त्यांच्यासमोर धरली.

गट्टू तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. जेवायचा आणि उठून जायचा. चौथ्या दिवशी दुपारी तो कारखान्यात आला आणि स्टुलावर बसला. ती टोकाला दुसरं भोक पाडत होती. आता प्रत्येक बाजूला दोन पिना आणि वर आटे पाडलेलं कडं, असं तिने ठरवलं होतं.

"ताई, नळी सरकलेली मला कळली होती."

तिने ड्रिल बंद केलं. "केव्हा?"

"छातीवर असतानाच. हाताला जाणवलं."

"मग टाकला का नाहीस, मूर्खा?"

"सगळे बघत होते."

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हात उचललाही, पण तो त्याच्या मानेवर जाऊन थांबला. मान घामाने गार पडली होती.

"दुसऱ्या बाजूला भोक पाडताना दांडा मी धरतो," तो म्हणाला.

"धर. पण बोटं लांब ठेव."