मुठीतलं ढेकूळ

घड्याळजी दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी आले, चपला काढल्या आणि सवयीप्रमाणे आधी गॅलरीत गेले. लिंबाच्या पिंपाच्या कडेवर ढेकूळ नव्हतं.

त्यांना वाटलं, खाली पडलं असेल. गुडघे कुरकुरले तरी ते वाकले, पिंपामागे पाहिलं, झाडू उचलून पाहिला. मग पिंपातल्या मातीत ठिकठिकाणी उकरल्याच्या खुणा दिसल्या आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. सकाळी लेक येऊन गेली होती. तिच्याकडे घराची किल्ली होती, आणि लिंबाची पानं पिवळी पडायला लागल्यापासून "मी माती तपासते, बाबा," असा धोशाच तिनं लावला होता. लेक माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. साऱ्या जगाची माती तिच्या हाताखालून जायची, घरचीच तेवढी राहिली होती.

त्या ढेकळाचं सांगायचं तर आधी घड्याळजींच्या बायकोचं सांगावं लागेल. तिला विकतची माती चालायची नाही. म्हणायची, "विकतची माती म्हणजे उसना आणलेला नवरा. धड आपला नाही आणि परतही करता येत नाही." तेव्हा बाईंनी माती घरीच बनवली. इमारतीची डागडुजी झाली तेव्हा उरलेला विटांचा चुरा आणि वाळू, गच्चीच्या पन्हाळीत साठलेला गाळ, गल्लीतला पाचोळा, भाजीची देठं, आणि कुठल्याशा बागेतून डब्यात घालून आणलेली गांडुळं. पाचोळा खचायचा, ती पुन्हा भरायची, पुन्हा खचायचा. असं करता करता पिंप भरायला तिला कित्येक वर्षं लागली. घड्याळजी चेष्टा करायचे, "लोक कचरा बाहेर टाकतात, तू घरात आणतेस."

"कचरा नाही हो, मातीच आहे ती. फक्त अजून व्हायची आहे."

पाणी घालण्याआधी ती मूठभर माती आतून काढून दाबायची. मुठीचा गोळा टिकला तर पाणी नाही, मोकळा झाला तर झारी. दवाखान्यात जायच्या दिवशीही तिनं माती दाबून पाहिली होती. गोळा घट्ट बसला. "आज पाणी नको," असं म्हणत तिनं तो पिंपाच्या कडेवर ठेवला, हात धुतले आणि पिशवी घ्यायला आत गेली. ती परत आलीच नाही. गोळा तिथंच वाळून विटेसारखा कडक झाला. त्यावर चार बोटांच्या चार खाचा होत्या, आणि करंगळीची खाच तिरकी, कारण बाईंची करंगळी जन्मापासून बाहेर वळलेली.

घड्याळजींनी ते ढेकूळ हलवलं नाही. हलवलं तर फुटेल अशी भीती. कुणाला सांगितलंही नाही, सांगणार काय? या वयाचा माणूस मातीचं ढेकूळ राखत बसलाय म्हटल्यावर लोक हसले असते. रोज संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन गॅलरीत बसत आणि ढेकळाला दुकानातल्या गमती सांगत. बायको जिवंत असताना ती त्यांना मध्येच तोडायची. ढेकूळ सगळं ऐकून घ्यायचं, आणि त्यांना नेमकं तेच सहन व्हायचं नाही.

जेवण तसंच झाकून ठेवून ते निघाले. बसची वाट पाहवेना, म्हणून चालतच गेले.

प्रयोगशाळेत लांबच लांब टेबलांवर कागद पसरून माती वाळत घातलेली होती. काळी, तांबडी, राखाडी, पिठासारखी फिकट. प्रत्येक ढिगापाशी चिठ्ठी. घड्याळजी दारात थांबले, कारण आतून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज येत होता. खिडकीजवळ लेक पाठमोरी उभी होती. अंगात एप्रन, हातात रबरी मोजे, समोर लाकडी खल. तिनं बत्ता उचलला, आपटला, आणि खलातलं चाळणीत ओतून चाळणी हलवायला लागली.

"बाबा! तुम्ही? आणि या वेळेला? नळ चालू राहिला की काय माझ्याकडून?"

"नाही गं मुंगे. सहज आलो."

लहानपणी ही पोर दिवसभर कुंडीत काहीतरी उकरत असायची, तेव्हापासून ती मुंगी. आता तिच्या डोक्यात पांढरे केस दिसायला लागले होते, पण बापाला तेवढी सूट असते.

"लिंबासाठी जीव कासावीस झाला ना? बसा. तुमचंच काम चाललंय. पिंपात चार जागी खणलं, थोडं खालून घेतलं, भट्टीत वाळवलं, कडेवर एक ढेकूळ होतं तेही टाकलं. काय कडक होतं हो! हात दुखले कुटून."

घड्याळजी स्टुलावर बसले. चाळणीखालच्या ताटलीत तपकिरी पीठ होतं आणि चाळणीत उरले होते थोडे खडे, काही मुळ्या आणि एक-दोन पांढऱ्या कपच्या.

"कुटायलाच लागतं का?" त्यांनी विचारलं.

"मग? सगळी एकसारखी बारीक झाल्याशिवाय तपासणार कशी?"

लेक कामात रंगली होती. तिनं चिमूटभर पीठ काचेत घेतलं, त्यावर आम्लाचे थेंब सोडले आणि ती माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. घड्याळजी दचकले.

"बघितलंत? चुना. सामूही, म्हणजे पीएच, वर चढलाय. लोह मातीत आहे, पण या चुन्यापायी अडकून बसलंय, झाडाच्या तोंडी लागत नाही. म्हणून पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. आणि चाळणीत या कपच्या... बाबा, अंड्याची टरफलं किती घालताय तुम्ही?"

"तुझी आई घालायची."

"आई कधीमधी घालायची."

"मी रोज घालतो. बारीक कुटून." घड्याळजी खाली मान घालून म्हणाले. "अंडं मला आवडत नाही खरं तर. टरफलासाठी खातो."

लेकीला हसू आलं आणि भरूनही आलं. "आणि पाणी? आपल्या नळाचं पाणी किती जड, किटलीत बघा कसा थर बसतो. ते कधी घालता?"

"रोज."

"रोज? आई कुठं रोज घालायची? ती आधी..."

"ती आधी अशी..." म्हणत घड्याळजींनी मूठ आवळून दाखवली, आणि पुढचं बोलणं त्यांना जमेना. मूठ तशीच आवळलेली राहिली.

लेकीनं त्या मुठीकडे पाहिलं. मग खलाकडे. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे.

"बाबा, ते कडेवरचं आईचं होतं?"

"छे गं. नुसतं ढेकूळ."

आयुष्यभर लोकांची घड्याळं खरी करण्यात गेलेल्या या माणसाला खोटं कधी धड जमलं नाही. लेक मटकन समोरच्या स्टुलावर बसली. "मी आईचा हात कुटला," ती म्हणाली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. घड्याळजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपण आलोच कशाला, असं त्यांना झालं. घरी बसलो असतो तर हिला कळलंही नसतं. आणि तरी, कुणाला तरी कळलं याचं बरंही वाटत होतं, ते त्यांना नाकारता येईना.

"तुला ठाऊक असतं तर तू केलं असतंस का? मीच तोंडाला कुलूप लावून बसलो." थोड्या वेळानं त्यांनी ताटलीकडे बोट केलं. "ही आता परत माती होत नाही का?"

लेकीनं बाहीनं डोळे पुसले. कामाचं विचारल्यावर तिला बोलता आलं. "होते ना. बाबा, खडक उन्हात तापतो, थंडीत आकसतो, तडकतो, पाणी त्याला झिजवतं, मुळं फटीत शिरतात. त्याची वाळू होते, पोयटा होतो, चिकणमाती होते. पण तो नुसता भुगा. त्यात कुणीतरी जगावं लागतं, मरावं लागतं. मग बुरशीचे धागे आणि गांडुळं त्या भुग्याचे रवे बांधतात, मध्ये हवेला नि पाण्याला जागा राहते. ते मी मोडलंय फक्त. पिंपात परत टाकलं की पुन्हा बांधलं जाईल." ती थांबली. "पण आकार नाही येणार."

"नाही येणार," घड्याळजी म्हणाले. "पण घट्ट बसेल?"

"हो. चिकणमाती आहे की. आईनं गाळ बरोब्बर घातला होता."

तिनं ताटलीतल्या पिठात थेंबाथेंबानं पाणी घातलं, मळलं आणि गोळा वडिलांच्या हातावर ठेवला. घड्याळजींनी मूठ दाबली आणि उघडली. चिमटे धरून धरून चपटी झालेली त्यांची बोटं मातीत उमटली होती. चांगली खणखणीत मूठ होती, पण त्यांचीच.

"तू दाब," ते म्हणाले.

"मी कशाला?"

"दाब म्हणतो ना."

लेकीनं मोजे काढले, गोळा पुन्हा मळला, मूठ आवळली आणि उघडून पुढे धरली. घड्याळजींनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. चार खाचा. तीन सरळ आणि शेवटची तिरकी, बाहेर वळलेली. ही पोर जन्मली तेव्हा सुईणीनं काही सांगायच्या आत बायको म्हणाली होती, "अहो, करंगळी बघा, माझीच." इतक्या वर्षांत ते साफ विसरून गेले होते. रोज त्या ढेकळाला बातम्या सांगत बसले, आणि लेक आली की तिला चहा देऊन लवकर वाटेला लावायचे, तिला घर आहे, काम आहे म्हणून.

भिंग डोळ्यावरून खाली घसरलं. त्यांनी ते उचललं नाही.

"मुंगे, माती दाबून बघायला येत जा रविवारी."

"रविवारपर्यंत कशी राहील ओल? बुधवारीही यावं लागेल."

"मग बुधवारीही ये. आणि हे एवढं कुटू नकोस."

लेक रडता रडता हसली.

घड्याळजी घरी गेले ते हात पुढे धरून, तळव्यावर तो ओला गोळा घेऊन. वाटेत ओळखीच्या दोघांनी विचारलं, हे काय? "माती," एवढंच सांगून ते पुढे चालत राहिले. गॅलरीत येऊन त्यांनी तो पिंपाच्या कडेवर ठेवला, जिथं जुन्या ढेकळाचा डाग होता तिथंच. मग सवयीनं झारी उचलली.

उचलली आणि थांबले. दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी मातीत खोल घातली, मूठभर काढली आणि दाबून पाहिली. गोळा घट्ट बसला.

"आज पाणी नको," ते म्हणाले, आणि झारी खाली ठेवली.