राजाबाईंच्या तोंडापुढचा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, आणि फाटल्याचं मला काडीचंही दुःख नाही! लाल, जाड कापडाचा मी, सन १९०४ मध्ये माळव्यातल्या धारला राजाबाईंच्या पेढीवर आलो. नवरा वारल्यावर तिळाच्या तेलाचे बारा घाणे त्या एकट्या चालवत होत्या. घराणं दरबारी, तेव्हा बाईमाणसानं गिऱ्हाइकासमोर यायचं नाही. आत त्या, बाहेर लोक, मध्ये मी. बाईंचं म्हणणं कारभारी नारायणराव बाहेर जाऊन सांगायचे.

"काय रुबाब आहे पडद्याचा!" असं लोक म्हणत आणि मी फुगत असे. पण आतलं नि बाहेरचं, दोन्ही ऐकणारा मी एकटाच होतो. बाई म्हणत, "उशीर झाला, माफ करा म्हणावं." नारायणराव सांगत, "बाईसाहेबांना सवड होईल तेव्हा माल मिळेल!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका वर्षी दसऱ्याआधी आमच्या तेलानं जवळच्या मनावर गावातली पाच माणसं आजारी पडली. बाईंनी शोध घेतला. तेलाचा एक कातडी बुधला आतून कुजला होता, आणि तो न तपासताच भरला होता. तोवर पेढीसमोर ही गर्दी! मानाजी हे जुने गिऱ्हाईक ओरडले, "माझी छोरी तीन दिवस उलट्या करतेय, भिया, भाऊ! सगळंच तेल सडलंय काय?" लोकांनी पाठ फिरवली असती तर बाराही घाणे थांबले असते, आणि त्यांवर राबणाऱ्यांच्या चुलीही.

बाई आतून म्हणाल्या, "सांगा, चूक आमची. एकच बुधला बिघडला, तो फेकला. बाकीचं तेल मी स्वतः खाते." नारायणराव बाहेर गेले आणि गरजले, "बाईसाहेबांच्या लौकिकाला बट्टा लावणाऱ्याची गय केली जाणार नाही!" झालं! लोक उठून चालू लागले.

बाईंनी मला मुठीत धरलं. "सूनबाई, घराण्याची अब्रू!" सासूबाई, म्हणजे अक्का, किंचाळल्या.

"अब्रू तर बाहेर चाललीच आहे, अक्का. मला तोंड असताना दुसऱ्याच्या तोंडानं किती बोलू?"

टर्र! मी फाटून खाली पडलो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

बाई ओट्यावर आल्या. मराठी, माळवी, जे तोंडात आलं ते बोलल्या. "भिया, गलती म्हारी हे! मानाजी, छोरीचं औषधपाणी माझ्याकडे. यापुढे एकेक बुधला मी डोळ्यांनी पाहीन." मग सर्वांदेखत वाटीभर तेल त्या घटाघट प्यायल्या.

मानाजी पुढे सरसावले. "बस, बाईसाहेब. हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," म्हणत त्यांनी तेलासाठी आपली चरवी पुढं केली.

माझ्या चिंध्यांनी आता बुधल्यांची तोंडं बांधतात. माणसांची बांधण्यापेक्षा हे बरं! अक्का मात्र अजून म्हणतात, पडदा पुन्हा शिवून घेऊ. खबरदार! मित्रांनो, इतर जुन्या वस्तू "आम्हाला जपा" म्हणतात. मला जपू नका. ज्याचा धंदा, त्यानं स्वतः पुढं येऊन बोलावं. माझ्या चिंध्यांनी खुशाल भांडी पुसा, पण कुणाच्या तोंडापुढे मला पुन्हा टांगू नका.