कापडाआडच्या दोन बाटल्या

मित्रांनो, दवाखान्यात बाटल्या टांगायचा लोखंडी स्टँड असतो ना, तो मी. अमरावतीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात जन्मलो आणि अकोल्यात, जठारपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागलो. माझं कौतुक कोणी केलं नाही. केलं असतं तरी, करणारे कोण, हे पाहून मी ते घेतलं नसतं.

मोतीबिंदू काढताना डोळ्याच्या आत पाण्याची धार सतत लागते. ती थांबली की डोळा बसतो. हे पाणी दोन प्रकारचं. एक खास डोळ्यांसाठी बनवलेलं, महाग. दुसरं हगवण लागली की शिरेतून चढवतात ते, स्वस्त. स्वस्त पाण्यानेही भागतं, हे आमच्या ओमप्रकाश डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं. विचार चांगला होता. चांगले विचार त्यांना नेहमीच यायचे.

नियम असा: बाटलीला हिरवं कापड गुंडाळायचं, डब्यातून रुग्णाच्या नावाने जी चिठ्ठी निघेल ती बाटली टांगायची आणि आत काय आहे ते डॉक्टरांनीही बघायचं नाही.

एके दिवशी हार गुंफणाऱ्या मनकर्णाबाई आल्या. एक डोळा केव्हाच गेलेला; उरलेल्या डोळ्यावर पोट.

"माह्या डोयात कोन्तं पानी घालून राह्यला, बापू?"

"मलाही माहीत नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "यालाच शास्त्र म्हणतात."

"तुले मालूम नाही, मले मालूम नाही. मंग मालूम कोनाले हाय?"

माझ्या एका आकड्यावर त्यांची बाटली होती. दुसऱ्यावर पुढच्या रुग्णाची, म्हणजे डॉक्टरांच्या सासूबाईंची. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहून सासूबाईंच्या बाटलीचं कापड उचललं. स्वस्त! मनकर्णाबाईंचं उचललं. महाग. गुपचूप त्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली.

"सर, मंग कापड कायले बांधलं आपन?" मिस्बाह सिस्टरनं विचारलं.

"सिस्टर, मला संध्याकाळी घरी जायचंय."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या सुटल्या. सासूबाईंना स्वच्छ दिसलं. पहिल्यांदा जावयाच्या शर्टावरचा डाग दिसला. मग मनकर्णाबाईंची पट्टी निघाली.

"दिसून राह्यलं रे बापू! पन तुहं तोंड काहून उतरलं?"

स्वस्त पाणी पास झालं होतं. नापास कोण झालं, ते खोलीत तिघांना ठाऊक होतं: डॉक्टर, सिस्टर आणि मी. पुढे अमरावतीच्या परिषदेत डॉक्टर म्हणाले, "या पाण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे." टाळ्या पडल्या म्हणे.

मित्रांनो, तुमच्या डोळ्यांना जपा. कोणी त्यांच्यावर प्रयोग करायला आला, तर एवढंच विचारा, "तुमच्या घरच्यांची चिठ्ठीही याच डब्यात आहे का?" तो 'हो' म्हणाला, तर त्याच्या हातांवरून नजर हलवू नका.