नळाजवळचा ओटा

मित्रांनो, हडपसरच्या एका भाजीमंडईखाली गाड्या लावायची जागा आहे. तिथे दोन खांबांच्या मध्ये काळ्या दगडाचा एक ओटा तुम्हाला दिसेल. कोणी त्यावर हेल्मेट ठेवतं, कोणी टेकून फोनवर बोलतं. तो ओटा म्हणजे मी.

माझे दगड वाघोलीच्या खाणीतले. हडपसर अजून गाव होतं, तेव्हा पाथरवटांनी मला घडवलं आणि उघड्या बाजारात नळाशेजारी बसवलं. त्या बाजाराचा नकाशा कोणी काढला नव्हता. तो लोकांच्या वावरण्यातून तयार झाला होता. पोती जड, म्हणून कांदे-बटाटे रस्त्याच्या तोंडाशीच. पुढे मिरची, आलं, लसूण. पालेभाजीवर सारखं पाणी मारावं लागतं, म्हणून ती नळाजवळ, माझ्या अंगावर. आणि लिंबं सगळ्यात शेवटी, कारण माणसाला लिंबांची आठवण बाहेर पडतानाच होते.

माझ्यावर आधी मैनाची सासू बसायची, मग मैना. मेथीच्या जुड्यांचं पाणी माझ्या फटींतून झिरपत राही. भर उन्हाळ्यातही मी गार असे. दमलेल्या बायका माझ्या कडेला टेकत आणि ओटा आहे म्हणून बरं, असं म्हणत. मला फार बरं वाटे.

ज्ञानदेव आणि दुर्गाबाई हे जोडपं दर बुधवारी यायचं. काचबिंदूने ज्ञानदेवांची नजर हळूहळू गेली, तेव्हा दुर्गाबाईंनी त्यांना बाजार नव्याने शिकवला. त्यांच्या कोपरात हात अडकवून त्या चालत. कांद्याचा वास आला की सरळ, मिरचीने नाक हुळहुळलं की डावीकडे, पायाखाली ओल लागली की मैना. पुढे पुढे कोण कोणाला नेतंय, हे मलाही सांगता येईना.

मग दुर्गाबाई वारल्या. त्याच वर्षी बाजारही पाडला. मंडई पहिल्या मजल्यावर गेली आणि चिठ्ठ्या टाकून गाळे वाटले. लिंबांशेजारी बटाटे आले, पालेभाजी नळापासून लांब गेली. नव्या इमारतीच्या एका खांबाचा पाया मला खेटूनच घातला होता. मला उखडणं धोक्याचं, म्हणून मी खालीच राहिलो. धुरात आणि अंधारात. दगडालाही तहान लागते, हे मला तेव्हा समजलं.

दुपारी सामसूम झाली की मला जुना बाजार ऐकू यायचा. पोतं टेकवल्याचा आवाज, पितळी पारड्यांची किणकिण, पावलं. भास असेल म्हणून मी मन घट्ट करी. पण एका बुधवारी ती पावलं वॉचमन संतोषलाही ऐकू आली.

संतोष यवतमाळकडून नोकरीसाठी आलेला, मूळचा धीट. तरी तो खांबाआड उभा राहूनच बघू लागला. गाड्यांच्या रांगेतून एक म्हातारा चालत होता. उजवं कोपर अंगापासून जरासं दूर, जणू त्यात कोणाचा हात आहे. तो मोकळ्या जागेपुढे थांबला, नसलेलं काहीतरी उचललं, हुंगलं, परत ठेवलं. जिथे वळण नाही तिथे वळला. माझ्यापाशी येऊन वाकला आणि म्हणाला, "मैना, मेथी कशी हाय आज?" उत्तराची वाट पाहिली. मग रिकाम्या बाजूला तोंड वळवून हसला.

ज्ञानदेव त्यानंतर दर बुधवारी येऊ लागले. संतोष लांबून बघायचा, जवळ जायचा नाही. एकदा एक मोटार मागे येताना त्यांच्या अंगावरच आली. त्यांनी स्वतः मागे सरायच्या आधी कोपर छातीशी ओढून घेतलं. कोणाला तरी वाचवल्यासारखं. मोटार वीतभर अंतरावर थांबली. आता या आजोबांना आत सोडायचं नाही, असा हुकूम वरून आला. हुकूम पाळण्याऐवजी संतोष जिना चढून गेला आणि मैना कोण, म्हणून विचारत फिरला.

मैना खाली आली. "बाबा, बाजार वर गेलाय," ती म्हणाली. "चला, मी हात धरून नेते."

ज्ञानदेवांनी मान हलवली. "ते मला ठाऊक हाय गं. पण वर तिला वाट म्हाईत न्हाई."

मैनाने त्यांच्या कोपराकडे नेलेला हात मागे घेतला.

पुढच्या बुधवारी ती टोपली घेऊन खाली आली. माझ्यावर तिने तांब्याभर पाणी ओतलं. किती दिवसांनी! मिरचीवाले रंगराव दोन स्कूटरच्या मध्ये गोणपाट अंथरताना पुटपुटले, "गिऱ्हाईक एक आणि दुकानं चार." पण बसले. कांदा रस्त्याच्या तोंडाशी बसला, लिंबं शेवटाला. ज्ञानदेव आले. अख्खा बाजार फिरले. भाजी त्यांनी दोघांपुरती घेतली, आणि कोणी काही विचारलं नाही.

थंडी सरेपर्यंत हे चाललं. मग ज्ञानदेव गेल्याची बातमी आली. टोपल्या वर गेल्या. मी पुन्हा कोरडा पडलो.

मित्रांनो, नव्या मंडया जरूर बांधा. उन्हापावसात बसणाऱ्यांना डोक्यावर छप्पर हवंच. पण जुनी पाडण्याआधी एकदा तिच्यातून डोळे मिटून चाला. कोण कोणाच्या आधाराने कुठे वळतं, ते आधी समजून घ्या.

काल एक तरुण माझ्या बाजूला मोटार लावू लागला. संतोषने त्याला हटकलं. जागा तर रिकामीच आहे, असं तो म्हणाला.

"रिकामी नाही, साहेब. येण्याजाण्याची वाट आहे," संतोष म्हणाला, आणि स्वतःही जरा बाजूला सरकला.