बाळंतिणीची दुसरी रात्र

सकाळी अकरा वाजता अर्थखात्याने तक्ता मंजूर केला. बाळंतपणावर कोणतं सरकार किती खर्च करतं आणि त्यातून किती मायलेकरं सुखरूप घरी जातात, याची बावीस देशांची तुलना. आपला क्रमांक सतरावा. पहिल्या देशात बाळंतीण दुसऱ्या दिवशी घरी जाते, आपल्याकडे चार दिवस खाट अडवते. तेव्हा इथेही एकच रात्र, असा आदेश दुपारी सरकारी इस्पितळांना गेला.

तक्ता करणाऱ्या सांख्यिकी अधिकाऱ्याची धाकटी बहीण त्याच दुपारी बाळंत झाली. मुलगी. पहिल्या खेपेला दुसऱ्या रात्री तिला रक्तस्राव सुरू झाला होता. इस्पितळात होती म्हणून वाचली.

"दादा, सिस्टर म्हणतात, उद्याच घरी," ती फोनवर म्हणाली. "कुठल्या शहाण्याचं डोकं रे हे?"

"बघतो," तो म्हणाला.

त्याने पहिल्या क्रमांकाच्या देशातल्या खात्यात फोन लावला. तिथल्या बाई हसल्या. "आम्ही पहिले? आमच्या मंत्र्यांना कळू देऊ नका, आणखी कापतील." मग म्हणाल्या, "अहो, बाळंतीण घरी जाते खरी, पण मागोमाग सुईणही जाते. आठवडाभर, दोन्ही वेळा. तिचा पगार नगरपालिका देते. तुम्ही आरोग्याचंच खातं पाहिलंत ना?"

तेवढंच पाहिलं होतं. दर वर्षी तेवढंच पाहत.

तो आपल्या खात्याच्या उपसचिव बाईंकडे गेला, तेव्हा त्यांचा चहा निवत आला होता. "मॅडम, सुईणी धरल्या तर त्या पहिल्या देशाचा खर्च आपल्याहून जास्त निघतो."

"वरातीमागून घोडं आणलंत. तळटीप टाका."

"तळटीप वॉर्डात कोण वाचणार?"

"मग सचिवांना टिपण द्या. दौऱ्यावर आहेत, सोमवारी येतील."

"माझी बहीण आहे त्या वॉर्डात."

बाईंनी कप खाली ठेवला. "डॉक्टरांशी बोलून बघा. लेखी मी काही देणार नाही."

त्याने टिपण लिहून सचिवांच्या टेबलावर ठेवलं आणि इस्पितळ गाठलं. पहिल्या खेपेच्या रक्तस्रावाचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "आत्ता तर ठणठणीत आहेत. आदेश मोडायला मला कारण लागेल. सकाळी तपासतो."

"सापडला का तो शहाणा?" बहिणीने विचारलं.

"सापडला," तो म्हणाला आणि बाळाकडे बघत राहिला.

संध्याकाळी सातला खाटेच्या कार्डावर पेन्सिलीने 'उद्या घरी' असं लिहिलेलं होतं. त्याखाली डॉक्टरांची सही अजून झाली नव्हती.